जुन्या थराचे काय करावे? भिंतीच्या पूर्वतयारीचा एक आढावा

भिंतीवर एकदा काही लिंपले, फासले वा चिकटवले गेले, की कालांतराने त्यावर नवे काही चढविण्याची वेळ येतेच. आणि ती आली म्हणजे घरमालक, गवंडी, रंगारी व वॉलपेपर लावणारा कारागीर या सर्वांपुढे एकच प्रश्न उभा राहतो : जुना थर समूळ काढावा, की तो जागीच ठेवून त्यावर नवा चढवावा? नव्या कागदाची नक्षी, रंग व किंमत यांवर घरात पुष्कळ खल होतो, आणि ज्या पृष्ठभागावर तो कागद बसावयाचा त्याचा विचार मात्र काम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, तोही घाईघाईने, केला जातो. वस्तुतः कागदाचे आयुष्य या पृष्ठभागाच्या सिद्धतेवरच ठरते. म्हणून या विषयासंबंधी प्रचलित असलेली मते, निरनिराळ्या भिंतींचे स्वभाव आणि आपल्या मुलखातील हवापाणी यांचा एकत्रित आढावा घेणे अगत्याचे वाटते.

या आढाव्यासाठी वैशाखऱ्यासारखे गाव सोयीचे आहे. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नाणेघाटाच्या पायथ्याशी वसलेल्या या गावच्या परिसरात, आणि उत्तरेस शहापूर तालुक्यातही, भिंतींचे जवळजवळ सर्व प्रकार आजही नांदताना दिसतात. ठाकर, कातकरी, महादेव कोळी व वारली यांच्या पाड्यांवर कारवीचा कूड आहे. जुन्या कुणबी व आगरी घरांत दगडमातीच्या वा विटांच्या, चुन्याची सफेदी दिलेल्या भिंती आहेत. नव्या घरांतून सिमेंटचा गिलावा आहे. आणि शहरवासीयांनी सुट्टीसाठी बांधलेल्या बंगल्यांतून व विश्रांतिगृहांतून त्या सिमेंटवर वॉलपेपरही आला आहे. या सर्वांवर एकच पाऊस पडतो. ठाणे जिल्ह्याची वार्षिक सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास आहे, आणि त्यातील बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. सह्याद्रीच्या कुशीतील या पट्ट्यात भिंतीचा कोणताही प्रश्न अखेर पाण्याचाच प्रश्न ठरतो.

जुन्या थरावर नवा थर देण्याची सर्वांत प्राचीन आणि सर्वांत नियमित रीत या भागात कुडाच्या सारवणात जपली गेली आहे. कारवी ही सह्याद्रीची वनस्पती सात-आठ वर्षांनी एकदाच सामुदायिक बहर धरते आणि बीज देऊन मरते. तिच्या सरळ, हलक्या काठ्या उभ्या लावून, आडव्या कामट्यांनी आवळून त्यांचा सांगाडा उभा करतात, आणि त्यावर माती, शेण व भाताचे तूस एकत्र मळून दोन्ही अंगांनी लिंपतात. शेणातील न पचलेले तंतू आणि तूस हे मातीला वाळताना तडकू देत नाहीत; म्हणूनच हे मिश्रण निव्वळ चिखलापेक्षा कितीतरी टिकाऊ असते. पाऊस सरला की दसरा-दिवाळीच्या आगेमागे, आणि घरात लग्नकार्य निघाले म्हणजे, ही भिंत पुन्हा सारवली जाते. त्या सारवणाचा क्रम मोठा मार्मिक आहे. प्रथम भिंत झाडतात. सुटलेले पोपडे हाताने वा विळ्याच्या पाठीने पाडतात. भेगा घट्ट चिखलाने बुजवितात. मग कोरड्या मातीने नव्या थरातील पाणी एकदम शोषून घेऊ नये म्हणून भिंतीवर पाणी शिंपडतात. आणि त्यानंतर हाताच्या अर्धवर्तुळाकार फटकाऱ्यांनी पातळ थर देतात. जाड थर दिला तर तो वाळताना आकसतो व तडकतो, म्हणून आवश्यक तेथे दोन पातळ थर देतात, एक जाड देत नाहीत.

आधुनिक कारागिराने शिकावे असे जवळजवळ सर्व काही या क्रमात आलेले आहे. जे सुटले आहे ते काढावे आणि जे धरून आहे ते राहू द्यावे; पृष्ठभागाची शोषणशक्ती आधी आवरावी; नवा थर जुन्याच्या जातीचा असावा आणि त्याहून कठीण नसावा. या शेवटच्या नियमाचे महत्त्व विशेष आहे. माती व चुना ही द्रव्ये आर्द्रता घेतात व सोडतात. त्यांच्यावर पाण्याला अडविणारा कठीण थर बसविला, तर आतली ओल बाहेर पडू शकत नाही, ती थराच्या मागे साचते, आणि वरून साबूत दिसणारी भिंत आतून भुसभुशीत होत जाते. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा देऊन तिला ‘पक्की’ करण्याचे जे प्रयत्न खेडोपाडी झाले, त्यांतील गिलाव्याचे थर पत्र्यासारखे सुटून पडण्याचे कारण हेच आहे.

वारली समाजात विवाहप्रसंगी घरातील भिंतीवर चौक लिहिला जातो, तोही सारवलेल्या व गेरूने रंगविलेल्या नव्या पृष्ठभागावर, तांदळाच्या पिठाने. तो चौक चिरंतन राहावा अशी अपेक्षा मुळातच नसते. पुढील कार्याच्या वेळी त्यावर नवे सारवण येते आणि जुने चित्र भिंतीच्याच पोटात जाते. १९७० च्या दशकाच्या आरंभी कलावंत भास्कर कुलकर्णी यांनी डहाणूच्या परिसरातील वारली चित्रकारांना कागद उपलब्ध करून दिला आणि ही कला भिंतीवरून कागदावर उतरली, तेव्हाही जिव्या सोमा मशे प्रभृती चित्रकारांनी कोरा कागद वा कापड जसेच्या तसे न वापरता त्यावर आधी शेणाचा वा गेरूचा हात दिला. मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांची कीर्ती जगभर झाली, परंतु रेषा ओढण्यापूर्वी पृष्ठभाग सिद्ध करण्याची जी शिस्त त्यांच्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाळली, तिच्याकडे मात्र थोड्यांचेच लक्ष गेले.

कागदाने भिंत झाकण्याची रीत खेड्यांतून अगदी अपरिचित होती असे नाही. वर्तमानपत्रांची पाने, देवादिकांची छापील चित्रे, जुन्या दिनदर्शिकांचे कागद कणकेच्या वा मैद्याच्या खळीने भिंतीवर चिकटविण्याचा प्रघात ग्रामीण महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी आढळतो. धूळ अडावी, फटींतून येणारा वारा थांबावा आणि भिंतीला शोभा यावी, असे तिन्ही हेतू त्यातून साध्य होतात. वर्षभराने तो कागद पिवळा पडला की त्यावरच दुसरा येतो, आणि असे तीन-चार थर साचतात. खळ हे कसर व वाळवी यांचे आवडते खाद्य आहे. म्हणून पुस्तके बांधणारे कारागीर खळीत थोडा मोरचूद घालीत आले आहेत. मोरचूद विषारी असल्याने, अशी खळ वापरलेला जुना कागद खरवडताना हातमोजे घालावेत आणि निघालेला चोथा गुरांच्या तोंडी जाणार नाही अशी तजवीज करावी. कुडावरील असे कागद पाण्याने भिजवून काढणे अनिष्ट होय, कारण कागदाबरोबर सारवणही भिजून निघते. ते कोरडेच, कडेने धरून, शक्य तितके ओढून काढावेत, उरलेले तुकडे किंचित दमट फडक्याने सोडवावेत, आणि तेवढा भाग पुन्हा सारवून घ्यावा.

जुना थर राखावा की काढावा, या वादाची सर्वांत बोधप्रद कथा अजिंठ्याच्या भिंतींवर लिहिलेली आहे. तेथील चित्रांखालील गिलावा माती, तूस व वनस्पतींचे तंतू यांचा असून त्यावर चुन्याचा पातळ हात आहे; म्हणजे त्याची जात कुडाच्या लिंपणाहून फारशी वेगळी नाही. क्रमांक ९ व १० च्या लेण्यांत सातवाहनकालीन आणि त्यानंतर काही शतकांनी झालेली अशी दोन्ही काळांची चित्रे असून, काही ठिकाणी नंतरचा थर आधीच्या थरावर चढलेला आहे. एकोणिसाव्या शतकात चित्रांच्या प्रतिकृती करणाऱ्यांनी रंग उजळून दिसावेत म्हणून त्यांवर वॉर्निश फासले. पुढे निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात सेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले, आणि त्यांनी सुटणारे पोपडे दृढ करताना लाखेचा उपयोग केला. त्यांच्या परिश्रमांमुळे बरीच चित्रे गळून पडण्यापासून वाचली, हे मान्य करावयास हवे. तथापि ही लाख काळानुसार काळवंडली, तिला बारीक भेगा पडल्या, आणि ती हलक्या हाताने उतरविण्याचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांना अनेक वर्षे करावे लागले. श्वसनक्षम भिंतीवर अडसर घालणारा थर चढविण्याची किंमत किती दीर्घकाळ मोजावी लागते, याचे याहून मोठे उदाहरण महाराष्ट्रात नाही.

युरोपात, जेथे भिंतीवर कागद लावण्याची प्रथा काही शतकांची आहे, तेथे एकाच भिंतीवर कागदावर कागद चढवीत गेल्याची जुनी घरे विपुल आहेत, आणि संवर्धनाचे अभ्यासक त्या थरांवरून त्या घराचा इतिहास वाचतात. परंतु त्या प्रथेने आणलेले अरिष्टही लक्षात ठेवण्याजोगे आहे. कार्ल विल्हेल्म शील या रसायनज्ञाने १७७५ च्या सुमारास शोधलेला हिरवा रंग आर्सेनिकयुक्त होता, आणि तो एकोणिसाव्या शतकात भिंतीच्या कागदांवर मुबलक वापरला गेला. बार्तोलोमेओ गोसिओ या इटालियन वैद्याने १८९० च्या दशकात दाखवून दिले, की ओलसर भिंतीवरील बुरशी अशा रंगावर वाढली म्हणजे विषारी वायू निर्माण होतो. ते रंग आज वापरात नाहीत. परंतु ओल, पिष्टमय चिकटद्रव्य आणि बुरशी ही त्रयी एकत्र आली, की कागदाआड एक स्वतंत्र जीवसृष्टी वाढू लागते, हा त्या संशोधनाचा निष्कर्ष कोकणाच्या पावसाळ्याला आजही लागू आहे.

आता प्रचलित मतांकडे वळू. जुना वॉलपेपर काढलाच पाहिजे असे मानणाऱ्यांचे म्हणणे असे, की नव्या कागदाच्या चिकटद्रव्यातील पाण्याने जुने चिकटद्रव्य मऊ होते, फुगे येतात, जुन्या सांध्यांच्या रेषा नव्यावर उमटतात, गडद रंग वर पाझरतात, आणि दोन कागदांचे ओझे एकाच जुन्या चिकटीवर पडते. जुना थर ठेवावा असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद असा, की खरवडण्याच्या भरात गिलावाच उखडतो, त्यातून पुट्टीचे व गवंड्याचे नवे खर्च निघतात, आणि घट्ट बसलेला कागद हा खराब गिलाव्याहून चांगला आधार असतो. दोन्ही पक्ष आपापल्या अनुभवाच्या हद्दीत खरे बोलतात. चूक होते ती एका भिंतीचा अनुभव सर्व भिंतींना लावण्यात. साध्या सिमेंटच्या गिलाव्यावरील कागद काढणेच श्रेयस्कर, कारण तो गिलावा ओले होणे व खरवडणे सहन करू शकतो. जुन्या, पोकळ वाजणाऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर, अथवा प्रायमर न देताच कागद लावलेल्या जिप्समच्या फळीवर, कागद काढण्याचा हट्ट भिंतीच्या जिवावर बेतू शकतो.

म्हणून निर्णयापूर्वी भिंतीची चौकशी आवश्यक आहे, आणि त्या चौकशीत पहिला प्रश्न ओलीचा. तळहाताएवढा प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करून चोवीस तास ठेवावा. आतल्या बाजूस, म्हणजे भिंतीकडे, दंव जमले तर ओल भिंतीतून येत आहे. बाहेरच्या बाजूस जमले तर ती खोलीच्या हवेतील आहे. पायाजवळ पांढरट क्षारांचा थर, म्हणजे लोणा, दिसत असेल तर जमिनीतील पाणी भिंतीत चढत आहे असे समजावे. छपराची गळती, खिडकीच्या वळचणीची फट, न्हाणीघराची सामाईक भिंत, वा भिंतीला टेकून साचलेली माती यांपैकी जे कारण असेल त्याचा बंदोबस्त झाल्याशिवाय कागदाचा विचारही करू नये. त्यानंतर बोटाच्या पेराने ठोठावून गिलाव्याचा पोकळपणा पाहावा, तळहात फिरवून भुकटी येते का ते तपासावे, आणि चिकटपट्टी दाबून झटक्याने ओढली असता तिच्याबरोबर रंग निघतो का ते पाहावे.

काळाची निवडही याच चौकशीचा भाग आहे. जुलै-ऑगस्टमध्ये या पट्ट्यातील हवेची आर्द्रता बहुधा ऐंशी टक्क्यांच्या वर असते. त्या दिवसांत उघडी केलेली भिंत वाळत नाही आणि लावलेली पुट्टी सुकत नाही. पावसाने भिजलेल्या भिंतीला दिवाळीनंतर चांगले महिना-दीड महिना ऊन-वारा मिळू द्यावा, आणि मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत हे काम करावे. नव्या सिमेंटच्या गिलाव्याला तर किमान २८ दिवसांचा अवधी देऊन, पूर्ण सुकल्यावरच प्रायमर द्यावा. त्यातील क्षारता कागदाचे रंग व चिकटद्रव्य दोन्ही बिघडवते.

कागद काढण्याची पद्धत त्याच्या जातीवर ठरते. न विणलेल्या तंतूंचा कागद पुष्कळदा कोपरा उचलून सावकाश खाली ओढला असता कोरडाच, सबंध पट्टीने निघतो. व्हिनाइलच्या कागदाचे वरचे प्लॅस्टिक आधी सोलून घ्यावे लागते, कारण त्यातून पाणी आत शिरत नाही; मागे उरलेले कागदी अस्तर मग कोमट पाण्यात थोडा भांड्यांचा साबण मिसळून भिजवावे, पंधरा-वीस मिनिटे मुरू द्यावे, आणि पुट्टीच्या रुंद पत्तीने भिंतीशी शक्य तितके सपाट धरून सोडवावे. पाठीला गोंद असलेल्या स्वयंचिकट कागदास पाण्यापेक्षा केस वाळविण्याच्या यंत्राची ऊब अधिक लागू पडते. पाण्याचे काम करण्यापूर्वी त्या भिंतीवरील विजेचा पुरवठा मुख्य कळीवर बंद करणे हा नियम कोणत्याही सबबीवर मोडू नये. तसेच कागदाखाली जुना ऑइलपेंट आढळला तर तो कोरडा घासू नये. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षांश ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला; त्यापूर्वीच्या रंगांची धूळ लहान मुलांना घातक ठरू शकते. तो रंग ओल्या पॉलिशपेपरनेच घासावा.

कागद निघाला म्हणजे काम अर्धे झाले, असे समजणे योग्य ठरेल. भिंतीवर उरलेली खळ डोळ्यांना दिसत नाही, पण नवा कागद उचलून धरते वा त्याला डाग पाडते. पिष्टमय खळ ओळखण्याचा एक सोपा उपाय असा, की टिंक्चर आयोडीनचे पाणी मिसळलेले दोन-चार थेंब निरनिराळ्या ठिकाणी लावावेत. खळ असेल तेथे निळा-काळा रंग उमटतो. सेल्युलोजच्या आधुनिक चिकटद्रव्याला ही कसोटी लागू पडत नाही. तेथे ओल्या बोटाला लागणारा बुळबुळीतपणा हीच खूण. भिंत स्वच्छ पाण्याने, पाणी बदलत, स्पंजाने दोन-तीनदा पुसावी. बुरशीचे काळे ठिपके असतील तर पातळ केलेल्या ब्लीचने ती जागा धुवावी, आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर वा अन्य आम्ल कदापि मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. मग भेगा व खिळ्यांची भोके बुजवून पुट्टीचे पातळ हात, त्यावर पॉलिशपेपर, धूळ पुसणे आणि प्रायमर, असा क्रम असावा. प्रायमरमुळे भिंतीची शोषणशक्ती सर्वत्र सारखी होते, आणि पुढे कधी हा कागद काढावा लागला तर तो गिलावा न उखडता निघतो. अखेरीस ओळंबा धरून पहिल्या पट्टीची उभी रेष आखावी. आपल्याकडे मिळणारा नेहमीचा गुंडाळा सुमारे ५७ चौरस फुटांचा असतो. नक्षी जुळविण्यात जाणारी तूट धरून हिशेब करावा, म्हणजे मध्येच दुसऱ्या छपाईचा गुंडाळा आणून रंगात फरक पडण्याची आपत्ती येत नाही.

जुना कागद ठेवणेच भाग असेल तेव्हाही काही अटी पाळाव्या लागतात. तो एकच थर असावा, सर्वत्र घट्ट असावा, आणि व्हिनाइलचा वा उठावाच्या नक्षीचा नसावा. सुटलेल्या कडा पुन्हा चिकटवून, सांधे पॉलिशपेपरने सपाट करून, त्यावर पाण्याने न विरघळणारा तेलाधारित प्रायमर द्यावा, म्हणजे नव्या चिकटद्रव्यातील पाणी जुन्या खळीपर्यंत पोहोचत नाही. एकाहून अधिक थर साचले असतील तर मात्र ते न काढण्याची कोणतीही सबब मान्य करता येणार नाही.

आणि कूड व चुन्याची जुनी भिंत यांविषयी तर स्पष्टच सांगितले पाहिजे, की तेथे व्हिनाइलचा कागद चिकटविणे हा त्या भिंतींवर अन्याय आहे. विश्रांतिगृहांच्या हौसेपोटी कुडावर छापील ‘वारली’ नक्षीचा प्लॅस्टिकचा कागद लावण्याचा मोह कोणास झाला, तर त्याने तो आवरावा. त्याच खर्चात सारवण, गेरू आणि ज्यांची ही कला आहे अशा चित्रकाराच्या हातचा चौक करविता येईल, आणि भिंतही सुखरूप राहील. चुन्याच्या भिंतीवर कागदच हवा असेल तर भिंतीपासून दोन बोटे अंतर सोडून लाकडी चौकट उभारावी, वर-खाली हवेला वाट ठेवावी, आणि त्या चौकटीवर कापड ताणून त्यावर कागद लावावा. युरोपातील जुन्या वाड्यांतून ही रीत होती, आणि ओलसर प्रदेशात तीच सर्वांत सुज्ञपणाची आहे.

एवढ्या सर्व विचाराचा निष्कर्ष असा : प्रथम पाणी, मग भिंत, मग जुना थर, आणि सर्वांत शेवटी नवा कागद, याच क्रमाने निर्णय घ्यावा, सिमेंटवरील जुना कागद काढावा, दुबळ्या गिलाव्यावरील एकेरी घट्ट कागद बंद करून ठेवावा, आणि मातीच्या व चुन्याच्या भिंतीला तिच्याच जातीचा थर द्यावा. घर सजविणाऱ्या प्रत्येकाने कारागिराशी मजुरी ठरविताना कागद लावण्याच्या दिवसांइतकेच पूर्वतयारीचे दिवसही स्वतंत्रपणे मान्य करावेत आणि त्यांचा पूर्ण मोबदला द्यावा. ज्या कामाला वेळही नाही आणि दामही नाही, ते काम कोणीही नीट करू शकत नाही, आणि भिंतीच्या बाबतीत नेमके हेच काम सर्वांत महत्त्वाचे असते.